विश्लेषण : लष्करातील परिचारिका नागरी नर्सिंग महाविद्यालयांत शिकवायला का हव्या आहेत?

नर्सिंगला विद्यार्थी मिळत नाहीत, अशी तक्रार अमेरिकेत नाही. तक्रार उलटी आहे. २०२३ मध्ये तेथील पदवी आणि पदव्युत्तर नर्सिंग महाविद्यालयांनी पात्र उमेदवारांचे ६५ हजार ७६६ अर्ज परत पाठवले. २०२१ मध्ये हा आकडा ९१ हजार ९३८ होता. रुग्णालयांना परिचारिका हव्या आहेत, मुला-मुलींना परिचारिका व्हायचे आहे, मग अडते कुठे? बहुतांशी शिकवणाऱ्यांपाशी. हे शिक्षक लष्करातून आणता येतील का, हा प्रश्न तेथे दीड दशकाहून अधिक काळ चर्चेत आहे. त्यासाठी संसदेत विधेयक आले, काही प्रयोग झाले, काही जुने प्रयोग नव्याने आठवले गेले. भारतातही नवी नर्सिंग महाविद्यालये उघडत असताना हा विषय आपल्यापासून फार दूर नाही.

अर्ज नाकारले जातात ते नेमके कशामुळे?

हे आकडे ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग’ ही संस्था दरवर्षी गोळा करते. ते वाचताना एक पथ्य पाळावे लागते. हे अर्ज आहेत, माणसे नव्हेत. एकाच विद्यार्थिनीने चार ठिकाणी अर्ज केला आणि चारही ठिकाणी नकार मिळाला, तर ते चार मोजले जातात. तरीही चित्र बदलत नाही. महाविद्यालये जी कारणे देतात त्यात अध्यापकांची कमतरता वर्षानुवर्षे ठळकपणे येते. त्याच्या जोडीला प्रात्यक्षिकासाठी रुग्णालये न मिळणे, जागा अपुरी असणे आणि पैसा नसणे ही कारणे असतात.

इतर विषयांत एक प्राध्यापक २०० जणांच्या सभागृहात व्याख्यान देऊन मोकळा होऊ शकतो. नर्सिंगमध्ये शरीरशास्त्र तसे शिकवता येईल, पण खरे शिक्षण वॉर्डात होते. पहिल्यांदा सलाइन लावणारी विद्यार्थिनी, तिच्यासमोर जिवंत रुग्ण आणि शेजारी उभी असलेली शिक्षिका हा सगळा प्रकार गर्दीत करता येत नाही. औषधाची मात्रा चुकली तर परीक्षेतले गुण जात नाहीत, माणूस जातो. म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांची नर्सिंग मंडळे वॉर्डातील एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा घालून देतात. ती सर्वसाधारणपणे दहाच्या आसपास असते. म्हणजे एक शिक्षिका निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आले नाही, तर व्याख्यानाचा एक तास रिकामा राहून भागत नाही. प्रवेशाच्या आठ-दहा जागाच बंद होतात.

मग शिक्षक का मिळत नाहीत?

उत्तर पगारात आहे. याच संस्थेच्या २०२२ च्या माहितीनुसार पदव्युत्तर पदवी असलेल्या सहायक प्राध्यापकाचा वार्षिक पगार सरासरी ८७ हजार डॉलरच्या पुढे-मागे होता. तेच शिक्षण घेऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणून दवाखान्यात बसणारीला सुमारे १ लाख २० हजार डॉलर मिळत होते. शिकवायचे तर पुन्हा डॉक्टरेट करा, त्याचे कर्ज डोक्यावर घ्या आणि शेवटी पगार कमी घ्या, असा हा व्यवहार आहे.

दुसरी अडचण वयाची. डॉक्टरेटधारक पूर्ण प्राध्यापकांचे सरासरी वय साठीच्या पुढे गेले आहे. २०२३ च्या पाहणीत ९२२ महाविद्यालयांत मिळून १ हजार ९७७ पूर्णवेळ जागा रिकाम्या होत्या आणि त्यातील बहुतेक जागांसाठी डॉक्टरेट आवश्यक किंवा इष्ट होती. सरकारने यावर काहीच केले नाही असे नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतलेले कर्ज पुढे चार वर्षे शिकवल्यास ८५ टक्क्यांपर्यंत माफ करणारी केंद्रीय योजना तेथे आहे. पण पगारातील दरी कर्जमाफीने बुजत नाही.

लष्कराकडेच का पाहिले जाते?

कारण ही दरी ज्यांना फारशी जाचत नाही, असा एक गट तेथे तयार होतो. अमेरिकी लष्कर, नौदल आणि हवाई दल यांचे स्वतंत्र नर्स कोअर आहेत. त्यात नर्सिंगची पदवी घेऊनच अधिकारी म्हणून प्रवेश मिळतो. पुढे बढती हवी तर पदव्युत्तर शिक्षण बहुधा करावेच लागते आणि अनेकदा त्याचा खर्चही लष्कर उचलते. मेरीलँडमधील बेथेस्डा येथे लष्कराच्या स्वतःच्या आरोग्य विद्यापीठात १९९३ पासून पदव्युत्तर नर्सिंग विद्यालय आहे.

वीस वर्षे सेवा झाली की निवृत्तिवेतन सुरू होते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी रुजू झालेली अधिकारी पंचेचाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होते. हातात पदवी, पाठीशी अनुभव, दरमहा निवृत्तिवेतन, आरोग्यविम्याची चिंता नाही आणि अजून वीस वर्षे काम करण्याची ताकद. ८७ हजार डॉलर ही रक्कम नर्स प्रॅक्टिशनरला तोट्याची वाटते, पण निवृत्तिवेतनावर ती जोडली तर हिशेब वेगळा होतो. शिवाय ११ सप्टेंबर २००१ नंतर सेवा केलेल्यांसाठीची ‘जीआय बिल’ योजना ३६ महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च देते. राहिलेली डॉक्टरेट त्यात होऊ शकते.

लष्करी परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग शिकवण्याचाच असतो, हेही इथे नोंदवायला हवे. तिच्या हाताखाली वैद्यकीय जवान असतात. त्यांना रक्तस्राव कसा थांबवायचा, श्वासमार्ग कसा मोकळा ठेवायचा, नोंदी कशा करायच्या हे तीच शिकवते. तिच्यातील अनेकींनी हे काम तंबूत, विमानात, जहाजावर केलेले असते.

सिनेटमधील विधेयकात काय होते?

इलिनॉयचे सिनेटर रिचर्ड डर्बिन यांनी २००८-०९ च्या सुमारास ‘ट्रूप्स टू नर्स टीचर्स’ नावाचे विधेयक मांडले. नाव आणि कल्पना उसनी होती. शीतयुद्ध संपल्यावर फौजा कमी झाल्या, तेव्हा बाहेर पडलेल्या सैनिकांना शाळांत शिक्षक म्हणून वळवणारी ‘ट्रूप्स टू टीचर्स’ योजना नव्वदच्या दशकात सुरू झाली होती. तोच साचा नर्सिंगला लावायचा होता.

विधेयकाने दोन प्रकारच्या परिचारिका डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. पहिल्या, निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीला टेकलेल्या. त्यांना अध्यापनाचे प्रशिक्षण, भत्ता आणि नोकरी शोधण्यात मदत द्यायची. दुसऱ्या, अजून सेवेत असलेल्या. त्यांना ठरावीक काळासाठी नागरी महाविद्यालयात शिकवायला पाठवायचे, बदल्यात त्यांनी लष्करात आणखी काही काळ सेवा द्यायची. महाविद्यालयाने लष्करी परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी, अशीही देवघेव त्यात होती. म्हणजे हा केवळ नागरी संस्थांवर उपकार नव्हता. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांमुळे लष्कराला स्वतःलाच परिचारिका हव्या होत्या आणि त्या येणार होत्या याच महाविद्यालयांतून. बी पेरायचे आणि पीकही घ्यायचे, असा साधा विचार.

विधेयक स्वतंत्र कायदा म्हणून मंजूर झाले नाही. मात्र आर्थिक वर्ष २०१० च्या संरक्षण खर्चविषयक कायद्यात पदवीपूर्व नर्सिंग प्रशिक्षणाची तरतूद आली. शैक्षणिक संस्थांशी करार करून लष्करासाठी पदवीधर परिचारिका घडवण्याची मुभा संरक्षणमंत्र्यांना मिळाली. यात भर विद्यार्थी मिळवण्यावर राहिला. शिक्षक देण्याचा मूळ मुद्दा मागे पडला.

असे आधी कधी झाले होते का?

झाले होते. खरे तर आधुनिक नर्सिंग शिक्षणाची सुरुवातच युद्धातून झाली. क्रिमियन युद्धातील लष्करी रुग्णालयांत फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी केलेल्या कामाबद्दल ब्रिटिश जनतेने निधी उभारला आणि त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. नाइटिंगेल स्वतः तेथे वर्ग घेत नव्हत्या, पण स्वच्छता, नोंदी आणि शिस्त यांचा जो अभ्यासक्रम तेथून जगभर गेला, त्याचे मूळ त्या लष्करी वॉर्डांत होते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेपुढे प्रश्न आला, की परिचारिका पुरत नाहीत म्हणून थोडके शिकवलेल्या मदतनीस बायका वॉर्डात उभ्या करायच्या का. ॲनी गुडरिच यांनी त्याला विरोध केला. लष्कराने स्वतःची शाळा काढावी आणि पूर्ण शिकलेल्या परिचारिका तयार कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९१८ मध्ये ‘आर्मी स्कूल ऑफ नर्सिंग’ सुरू झाले आणि गुडरिच तिच्या पहिल्या अधिष्ठाता झाल्या. १९२३ मध्ये येल विद्यापीठाने नर्सिंग विद्यालय काढले, तेव्हा पहिल्या अधिष्ठाता म्हणून बोलावले ते त्यांनाच. लष्कराची शाळा पुढे तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला काटकसरीत बंद पडली.

आजच्या कल्पनेशी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र साठच्या दशकातले आहे. व्हिएतनामचे युद्ध तापत असताना, १९६४ मध्ये, लष्कराने मेरीलँड विद्यापीठाशी हातमिळवणी करून ‘वॉल्टर रीड आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग’ उघडले. विद्यार्थिनी पहिली दोन वर्षे आपल्या पसंतीच्या कुठल्याही महाविद्यालयात काढत. उरलेली दोन वर्षे वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात. शिकवणाऱ्यांत लष्करी परिचारिका अधिकारी होत्या आणि पदवी मिळे ती नागरी विद्यापीठाची. खर्च लष्कराचा, बदल्यात तीन वर्षांची सेवा. १९७८ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला तोवर बाराशेच्या आसपास परिचारिका त्यातून बाहेर पडल्या. गणवेशातील शिक्षिका आणि विद्यापीठाची पदवी ही जोडी चालते, हे त्या चौदा वर्षांत दिसले होते. ते बंद का पडले याचेही कारण नवे नाही. युद्ध संपले की परिचारिकांवरचा खर्च सगळ्यांना जास्त वाटू लागतो.

माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी वेगळे काय केले?

२००७ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने ‘व्हीए नर्सिंग अकॅडमी’ सुरू केली. विभागाच्या रुग्णालयांतील अनुभवी परिचारिका जवळच्या नर्सिंग महाविद्यालयात शिक्षक म्हणून जायच्या, महाविद्यालयाने प्रवेश वाढवायचे आणि विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक याच रुग्णालयांत व्हायचे. फ्लोरिडा, सॅन दिएगो, युटा आणि कनेटिकट येथे चार भागीदाऱ्यांनी सुरुवात झाली. पुढे ती संख्या पंधरावर गेली. या परिचारिका नागरी कर्मचारी असतात. त्यातील काही माजी लष्करी असतात, सगळ्या नव्हेत. तरीही हे उदाहरण महत्त्वाचे, कारण त्यात शिक्षकासोबत वॉर्डही मिळतो. नुसती शिक्षिका आली आणि विद्यार्थ्यांना न्यायला रुग्णालयच नसले, तर प्रवेशाच्या जागा वाढत नाहीत.

युद्धातला अनुभव नागरी रुग्णालयात किती उपयोगी?

टूर्निकेटचे उदाहरण घ्या. रक्त वाहणाऱ्या हाताला किंवा पायाला घट्ट आवळायचा हा पट्टा. प्रथमोपचाराच्या पुस्तकांत तो कित्येक वर्षे ‘अखेरचा उपाय’ म्हणून कोपऱ्यात बसवलेला होता. अवयव गमवावा लागेल अशी भीती त्यामागे होती. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनी ती समजूत बदलली. वेळेवर लावलेला पट्टा जीव वाचवतो आणि थोड्या वेळासाठी लावल्याने अवयव सहसा जात नाही, हे जखमी जवानांवरील नोंदींतून पुढे आले. मग अमेरिकी जवानाच्या किटमध्ये टूर्निकेट आले आणि २०१५ मध्ये सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवणारी ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली. महामार्गावरचा अपघात आणि रणांगणावरची जखम यांत शरीराला फरक कळत नाही.

उलटा प्रवाहही आहे. शांततेच्या काळात लष्करी परिचारिकांना गंभीर जखमी पुरेसे पाहायला मिळत नाहीत. म्हणून अमेरिकी हवाई दल आपल्या पथकांना बाल्टिमोर, सिनसिनाटी आणि सेंट लुईस येथील नागरी ट्रॉमा केंद्रांत सरावाला पाठवते.

लष्करी रुग्णालय म्हणजे गोळी लागलेल्या जवानांचे वॉर्ड, हा मात्र चित्रपटांनी करून दिलेला समज. तेथे जवानांची कुटुंबे येतात, बाळंतपणे होतात, लहान मुले तापाने फणफणलेली येतात. त्यामुळे प्रसूती किंवा बालरुग्ण परिचर्या लष्करी परिचारिकेला परकी नसते. कमी पडू शकते ते घरोघरी जाऊन करण्याचे काम आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची देखभाल.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण लष्कराचीच. ज्यांना शिकवायला पाठवायचे त्या अनुभवी अधिकारी वॉर्डातून कमी होतात. सेनापतीला आज माणूस हवा असतो. दोन वर्षांनी मिळणाऱ्या विद्यार्थ्यांवर त्याचे समाधान होत नाही. निवृत्त परिचारिकांबाबत हा प्रश्न येत नाही, म्हणून तो मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.

दुसरी, वर्गातली. आदेश दिला की काम होते, अशा व्यवस्थेत वीस वर्षे काढलेल्या अधिकाऱ्यासमोर ‘हे असेच का?’ विचारणारी एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी बसते. तिला तो प्रश्न विचारू देणे हाच शिक्षणाचा भाग आहे, कारण उद्या डॉक्टरांनी लिहिलेली चुकीची मात्रा तिलाच थांबवायची आहे. चांगली परिचारिका आपोआप चांगली शिक्षिका होत नाही. प्रश्नपत्रिका काढणे, मूल्यमापन करणे, अभ्यासक्रम आखणे हे वेगळे कसब आहे.

तिसरी, कागदोपत्री. सेवेत असताना कुठल्याही एका राज्याचा परवाना देशभरातील लष्करी रुग्णालयांत चालतो. नागरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात न्यायचे तर त्या राज्यात चालणारा परवाना लागतो. आणि निवृत्तिवेतन कितीही आधाराचे असले, तरी खासगी रुग्णालये याच निवृत्त अधिकाऱ्यांना व्यवस्थापनाच्या जागांवर जास्त पगार देऊन नेतात. महाविद्यालयाची स्पर्धा त्यांच्याशी आहे.

भारतात काय स्थिती?

फेब्रुवारी १८८८ मध्ये इंग्लंडहून दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. भारतातील लष्करी परिचर्या सेवेची सुरुवात तेथून मानली जाते. आजच्या ‘मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस’ला, म्हणजे एमएनएसला, १९४३ च्या अध्यादेशाने कायदेशीर रूप मिळाले. सेवेची सहा नर्सिंग महाविद्यालये असून त्यात दरवर्षी २२० विद्यार्थिनींना बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतो. त्यातील ८० जागा महाराष्ट्रात आहेत. ४० पुण्याच्या ‘एएफएमसी’त आणि ४० मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, ‘आयएनएचएस अश्विनी’त. तेथे शिकवणाऱ्याही प्रामुख्याने एमएनएस अधिकारीच. म्हणजे अध्यापनाचा अनुभव घेऊन निवृत्त होणाऱ्यांचा एक लहान पण पक्का गट आपल्याकडे आहे. पुण्यातील खासगी नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांच्या नावामागे ‘कर्नल’ किंवा ‘ब्रिगेडियर’ दिसते ते यामुळेच.

मात्र ही वाट प्रत्येकीने आपापली शोधलेली आहे. आपल्याकडे या सेवेने प्रशिक्षित परिचारिका गमावल्याही आहेत. लग्न केले म्हणून १९८८ मध्ये सेवेतून काढलेल्या एका अधिकाऱ्याला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२४ मध्ये द्यावा लागला. शॉर्ट सर्व्हिस कमिशन संपवून तरुण वयात बाहेर पडणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यांना सरकारी भरतीत माजी सैनिक मानायचे की नाही, यावरच वाद होता. पंजाबच्या नियमांसंदर्भात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

दरम्यान, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ हजार ५७० कोटी रुपये खर्चून १५७ नवी सरकारी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच ती उभी राहायची असून दरवर्षी १५ हजार ७०० पदवीधर त्यातून अपेक्षित आहेत. म्हणजे प्रत्येकी १००. चार वर्षांचे मिळून एका महाविद्यालयात ४०० विद्यार्थी झाले आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक धरला, तर ४० जण लागतील. १५७ महाविद्यालयांचे मिळून सहा हजारांहून अधिक.

वर्षाला २२० जणींना प्रवेश देणारी एमएनएस ही गरज भागवू शकत नाही, हे उघड आहे. पण नव्या महाविद्यालयाला सुरुवातीला खरी गरज असते ती एका प्राचार्यांची आणि विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन जाणाऱ्या चार-पाच अनुभवी ट्यूटरची. वरच्या पदांसाठी एम.एस्सी. नर्सिंग आणि ठरावीक वर्षांचा अध्यापनाचा अनुभव मागितला जातो. एमएनएसच्या महाविद्यालयांत शिकवलेल्या अधिकाऱ्याकडे तो असतो. तिच्याच बरोबरीने अतिदक्षता विभाग सांभाळून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याकडे तो नसतो, आणि तिला वर्षभरात अध्यापनासाठी तयार करणारी योजना अजून तरी कागदावरही नाही.